पहिला सिकलसेल पेशंट दातांचाच डॉक्टर होता

ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना माहीत आहे की मध्येच माझा आवाज बसला होता आणि मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या. रेकॉर्डिंग पुण्याच्या खोलीत नाही, अकोल्याला मावशीच्या घरी केलं होतं. ज्यांना ऐकायला जमलं नाही किंवा जे एसटीत बसून नेटवर्क शोधत आहेत, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे सुटलं तेही इथं घातलंय.

सुरुवात घरापासून करतो, मग शिकागोला जाऊ.

माझी एक मावसबहीण आहे. मोठी, म्हणून ताई. ती एकोणीस वर्षांची असताना एका मे महिन्यात तिचा खालचा जबडा दुखायला लागला. अकोल्याचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४५ च्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ताई कॉलेजच्या फॉर्मसाठी उन्हात फिरून आली होती. संध्याकाळी गाल धरून बसली. मावशी म्हणाली, "दाढ दुखत असन. काढून टाक एकदाची, कायले जीव खाते." दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात नेलं. तिथं खालची एक दाढ काढली. त्या दाढेला कीड नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही, मी अकरावीत होतो. पण ताईला ते आजही आठवतं, कारण तिनं तो दात कागदात गुंडाळून घरी आणला होता आणि त्यावर एक काळा ठिपकाही नव्हता.

दाढ गेली, दुखणं गेलं नाही. रात्री ते जबड्यातून पाठीत आलं, पाठीतून मांड्यांत. तिसऱ्या दिवशी ताप. मग सरकारी दवाखान्यात भरती, सलाईन, ऑक्सिजन, रक्ताची पिशवी. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सिकल आहे का हिला?"

होती. ताई एसएस आहे. घरात सगळ्यांना माहीत होतं. दाताच्या खुर्चीत बसल्यावर हे सांगायचं असतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि तिकडून कुणी विचारलंही नाही.

मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहितो. पण त्या दाढेचं कोडं डोक्यात राहिलं. काही वर्षांनी सिकलसेलचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर थबकलो. वैद्यकशास्त्रात नोंद झालेला सिकलसेलचा पहिला पेशंट कोण होता? दातांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी!

त्याचं नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडा नावाचं छोटं बेट आहे, तिथला. जन्म १८८४ चा. घरची परिस्थिती बरी होती, कृष्णवर्णीय जमीनदार कुटुंब. १९०४ साली वीस वर्षांचा हा पोरगा जहाजानं न्यूयॉर्कला उतरला. प्रवासातच घोट्याला जखम झाली होती. डॉक्टरनं आयोडीन लावलं, आठवडाभरात जखम भरली. सिकलसेलच्या पेशंटना घोट्याजवळ अशा जखमा होतात हे आज कुठल्याही पुस्तकात मिळेल. तेव्हा त्या आजाराला नावच नव्हतं. तिथून तो शिकागोला गेला आणि शिकागो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीत दाखल झाला.

शिकागोची थंडी आणि उबदार बेटावरून आलेला मुलगा. डिसेंबर १९०४ च्या शेवटी त्याला खोकला, ताप, धाप अशी लक्षणं घेऊन प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात भरती केलं. वॉर्डात अर्नेस्ट आयर्न्स नावाचा इंटर्न होता. त्यानं रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लाल पेशी गोल असायला हव्यात. इथं काही लांबट होत्या, काही पेअर फळासारख्या, काही विळ्यासारख्या वाकलेल्या. आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात. आयर्न्सनं ते वरिष्ठांना दाखवलं. वरिष्ठ म्हणजे डॉ. जेम्स हेरिक.

दोघांनी नोएलवर पुढची सुमारे अडीच वर्षं लक्ष ठेवलं. तो अधूनमधून आजारी पडायचा, सांधे आणि स्नायू दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, मग उठून पुन्हा दातांच्या वर्गात जाऊन बसायचा. हेरिकना काही उलगडा होईना. आधी वाटलं जंत असतील, उष्ण प्रदेशातला काही आजार असेल. शेवटी १९१० साली त्यांनी ही केस छापली आणि मोकळेपणी लिहिलं की निदान करता आलं नाही, मात्र दोष कदाचित लाल पेशीच्याच घडणीत असावा. मला हा भाग फार आवडतो. कंपनीत प्रॉडक्शनला काही फाटलं की रूट कॉज लिहून द्यावा लागतो, आणि 'माहीत नाही' असं लिहायची हिंमत आमच्यात कुणाची नसते. हेरिकनं लिहिलं, आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

नोएलनं मात्र तो लेख पाहिला की नाही कुणास ठाऊक. तो १९०७ मध्ये पदवी घेऊन ग्रेनाडाला परतला होता. राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये त्यानं दवाखाना टाकला, लोकांचे दात काढले, भरले. १९१६ मध्ये फुप्फुसाच्या आजारानं गेला. वय ३२. हेरिकच्या लेखात त्याचं नाव नव्हतं. वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी, एवढीच ओळख. तो कोण होता हे शोधून काढून छापलं गेलं ते थेट १९८९ मध्ये. म्हणजे जवळजवळ ८० वर्षं जगभरच्या पुस्तकांत त्याचं रक्त होतं, तो नव्हता.

'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव व्हर्न मेसननं १९२२ मध्ये दिलं. पुढची मोठी गोष्ट १९२७ ची, आणि दातांच्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची. हान आणि गिलेस्पी या दोघांनी दाखवलं की ऑक्सिजन कमी झाला की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि ऑक्सिजन परत दिला की बऱ्याचशा पुन्हा गोल होतात.

आता जरा दातांच्या इतिहासाकडे वळा. दात काढताना भूल द्यायला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, १८४४ साली होरेस वेल्स या दंतवैद्यानं वापरला. आधी स्वतःचाच दात काढून घेतला, हे विशेष. पण त्या काळी हा वायू जवळजवळ निव्वळ द्यायचे, ऑक्सिजन न मिसळता. पेशंट निळा पडायचा. झटपट दात उपटायचा आणि नळी काढायची, हाच खेळ. १८६८ मध्ये शिकागोच्याच एडमंड अँड्र्यूजनी सांगितलं की यात ऑक्सिजन मिसळा. तरी घाईच्या दवाखान्यांत निळे पेशंट पुढं कित्येक दशकं दिसत राहिले. ही गोष्ट आणि १९२७ ची गोष्ट शेजारी ठेवा. ज्या माणसाच्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकतात, त्याला दाताच्या खुर्चीत निळं करायचं. पुढे ब्रिटनमध्ये कॅरिबियन बेटांवरून आणि आफ्रिकेतून आलेली कुटुंबं वाढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना भूल देण्याआधी सिकलची तपासणी करायची सवय लावून घ्यावी लागली. दवाखान्यातल्या खुर्चीत पूर्ण भूल देणं तर तिथं २००१ च्या अखेरीस बंदच झालं. आता पूर्ण भूल फक्त हॉस्पिटलात.

आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. इथं दाताला पूर्ण भूल क्वचितच देतात, हिरडीत इंजेक्शन देतात. ते औषध, लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि त्यानं दातांच्या जगाचं बरंच भलं केलं. ते सिकलच्या पेशंटलाही चालतं. मग ताईच्या बाबतीत काय चुकलं? त्यासाठी थोडं रक्तात शिरावं लागेल. आमच्या इंजिनीअर मंडळींना हा भाग आवडेल.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं. म्हणजे आजार रेणूमध्येच आहे. १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमनं नेमका फरक पकडायला सुरुवात केली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं सहाव्या जागेवरचं एक बदललेलं. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. जनुकात पाहिलं तर एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. एवढ्या मोठ्या कोडबेसमध्ये एक टायपो! कोड रिव्ह्यूमध्ये हा निसटलाच असता.

पण गंमत अशी की निसर्गानं हा बग मुद्दाम काढला नाही असं म्हणता येईल. १९५४ मध्ये ॲलिसननं आफ्रिकेत दाखवलं की ज्यांच्याकडे एकच बिघडलेली प्रत असते, म्हणजे एएस, वाहक, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगल, डास, मलेरिया जिथं पिढ्यानपिढ्या, तिथं ही प्रत टिकली. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या की एसएस, म्हणजे ताई. आई-वडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मी एएस आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेजात शिबिर लागलं होतं, बोट टोचलं, कळलं. एएस असल्यानं मला काही होत नाही, दात काढतानाही नाही. फक्त लग्नाआधी समोरच्या व्यक्तीची तपासणी हवी. हे वाक्य आमच्या घरी जेवताना बोललं जातं, बायोडेटात मात्र कुणी लिहीत नाही.

तर जबडा. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस. पेशी वाकल्या, एकमेकींत अडकल्या की बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. त्या भागात असह्य कळा येतात, त्याला क्रायसिस म्हणतात. उन्हानं अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, जंतुसंसर्ग झाला, मनावर ताण आला, यातलं काहीही निमित्त पुरतं. वरच्या जबड्याला रक्त अनेक बाजूंनी मिळतं. खालच्या जबड्याचा पुरवठा मात्र मुख्यतः एकाच धमनीवर चालतो. एक केबल तुटली की सगळं शहर अंधारात, बॅकअप नाही. म्हणून सिकलमध्ये खालचा जबडा जास्त दुखतो. दाताच्या आत तर आणखी अडचण. दाताच्या मुळाच्या टोकाशी सुईएवढं भोक, त्यातूनच रक्त आत जातं, आणि चारी बाजूंनी दाताच्या टणक भिंती. आत तुंबलं तर पसरायला जागा नाही. त्यामुळे कीड न लागलेला, दिसायला धडधाकट दातही आतून मरू शकतो आणि ठणकू शकतो. काहींचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कारण तिथली नस दबते. ताईची हनुवटी त्या वेळी चार महिने बधिर होती. चहा पिताना ओघळला तरी कळायचं नाही. आम्ही हसायचो. आता आठवलं की लाज वाटते.

थोडक्यात, तिची दाढ दुखत नव्हती. जबडा ऑक्सिजनसाठी ओरडत होता. आणि त्यात आपण एक जखम केली, तिनं पुढच्या दुखण्याला आणखी निमित्त दिलं.

उलटंही होतं. खरीच दाढ किडली, पू झाला आणि दुर्लक्ष केलं, तर तो संसर्गच क्रायसिस ओढवून आणतो. एसएस पेशंटची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळे जंतूंशी लढायची ताकद कमी. जबड्याच्या हाडात जंतू शिरले तर ते प्रकरण महिनोन् महिने चालतं. म्हणून 'सिकल आहे, दाताला हातच लावू नका' हे जे काही लोक सांगतात, तेही चूकच. दात न काढता पू ठेवणं जास्त धोक्याचं. ताईला पुढची तीन वर्षं नेमकी हीच भीती बसली होती. हिरडी सुजली तरी सांगायची नाही.

आता आपल्या भागात येऊ. भारतात सिकलची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये ती दाखवली, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही ती सापडली. विदर्भाचा नंबर १९५८ मध्ये लागला. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलबद्दल लिहिलं. तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड मुंबईच्या द्विभाषिक राज्यात होतं, महाराष्ट्र व्हायला दोन वर्षं बाकी होती. हेरिकपासून मोजलं तर ४८ वर्षं लागली. आजार त्याआधी इथं नव्हता असं थोडंच आहे. मेळघाटातल्या कोरकू पाड्यांवर, गोंडांमध्ये, आमच्या समाजात पोरं 'अंगात रक्त नाही', 'सांधेवात आहे', 'बाहेरची बाधा आहे' असं म्हणत जात होती. नाव १९५८ नंतर मिळालं, आणि तेही खेड्यापर्यंत पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली.

आमच्या समाजात म्हणजे बौद्धांमध्ये. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली १९५६ मध्ये, आणि दोनच वर्षांनी त्याच शहरातून हा लेख निघाला. त्यामुळे सिकल म्हणजे 'यांचा' आजार अशी एक पट्टी चिकटली ती आजही पूर्ण निघालेली नाही. खरं तर नंतरच्या तपासण्यांत ओबीसी समाजांतही तो सापडला. जनुक जातीचा दाखला पाहत नाही. मलेरियाचा इतिहास आणि आपसातली लग्नं, या दोन गोष्टी त्याला पुरतात. पण कॉलेजच्या त्या शिबिरात काही मुलं 'आपल्याला काय गरज' म्हणून रांगेतून निघून गेली होती. त्यातल्या एकाचा भाचा पुढे एसएस निघाला. जाऊ द्या.

आता दुसरी रेघ ओढा, दातांच्या डॉक्टरकीची. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० मध्ये सुरू केलं. मुंबईला नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज १९३३ चं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. आणि विदर्भात? नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये आलं. म्हणजे १९५८ मध्ये जेव्हा सिकलचा शोध लागला, तेव्हा विदर्भात दातांचं कॉलेजच नव्हतं. आणखी दहा वर्षं नव्हतं. शिकागोमध्ये सिकल आणि दंतशास्त्र एकाच माणसात, एकाच वर्षी भेटले होते. आमच्याकडे दोघं वेगवेगळ्या रस्त्यानं आले आणि बराच काळ एकमेकांना ओळखतच नव्हते. नंतर अमरावतीतही खासगी डेंटल कॉलेज निघालं, अकोल्याला २००२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आता शहरात गल्लोगल्ली दातांच्या पाट्या आहेत. पण धारणीहून अमरावतीला यायचं तर घाट उतरून दीडशेच्या आसपास किलोमीटर. तिथल्या माणसाच्या लेखी दाताचा डॉक्टर म्हणजे बराच काळ आठवडी बाजारात सतरंजी टाकून पकड घेऊन बसलेला माणूस. त्याच्याकडून 'तुला सिकल आहे का' या प्रश्नाची अपेक्षा करणं अवघडच.

मधल्या काळात काम झालं नाही असं नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत अनेक दशकं सिकलवर काम केलं, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकात सिकलचा अभ्यास केला. गंमत म्हणजे लोकांना ती आपली गरज वाटलीच नाही, असं त्यांनी स्वतःच नंतर प्रांजळपणे सांगितलंय. मला त्यात दोष दिसत नाही, ना त्यांचा ना लोकांचा. ज्यावर इलाज नाही त्याचं नुसतं नाव कळून माणूस काय करणार? इलाज नंतर आला. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचं कॅन्सरचं औषध. अमेरिकेत १९९८ मध्ये ते मोठ्या माणसांतल्या सिकलसाठी मंजूर झालं. ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं आणि क्रायसिस कमी होतात. ताई ते घेते. नोएलच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

सरकारी बाजू पटकन सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. आशाताई पाड्यावर जाऊन बोट टोचतात, कार्ड देतात. ताईकडेही कार्ड आहे. पण हे कार्ड लोक ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवतात. दातांच्या दवाखान्यात घेऊन कोण जातं? कार्डावर छापलेलं असतं ते लग्नाबद्दल. माझं मत विचाराल तर त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ हवी होती, की दात काढायला, ऑपरेशनला, कुठंही भूल घ्यायला गेलात तर हे कार्ड आधी दाखवा.

रेकॉर्डिंगनंतर एका ऐकणाऱ्या मित्रानं विचारलं, मग दाताला नेताना नक्की काय पाहायचं? मी डॉक्टर नाही हे पुन्हा सांगतो. ताईच्या डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं तेवढंच लिहितो. सिकलच्या डॉक्टरांची चिठ्ठी आधी घ्यायची, हिमोग्लोबिन ताजं तपासलेलं हवं. क्रायसिस चालू असताना ऐनवेळी नसलेलं काम काढायचं नाही. सकाळची, लहान वेळ मागायची. उपाशी जायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं. एसी जास्त थंड असेल तर बंद करायला सांगायचा, त्यात लाजायचं काही नाही. स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण सिकलमध्ये किडनी आधीच नाजूक असते. हायड्रॉक्सियुरिया आपल्या मनानं थांबवायचं नाही. आणि दात दुखतोय पण कीड दिसत नाही, तर उपटण्याआधी एक्स-रे आणि सिकलचा विचार. रोजचं ब्रश करणं आणि सहा महिन्यांनी दात दाखवणं हे तर आलंच. सिकलच्या माणसासाठी ते दिसण्यापुरतं नसतं, क्रायसिसची एक वाट त्यानं बंद होते.

आता मी अकोल्याला का होतो ते. ताईची अक्कलदाढ. खालची, आडवी वाढलेली, तीन वेळा पू झालेला. या वेळी कीड होती, एक्स-रेत स्पष्ट दिसत होती. ताई चाळिशीच्या आत कुठलीही दाढ काढणार नाही म्हणून अडून बसली होती. मी पुण्याहून आलो ते तिला तयार करायला. तिला नोएलची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्याले स्वतःलेच सिकल होता आन् तो लोकायचे दात काढे?" मी म्हटलं, हो. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग त्याचा दात कोनं काढला असन बे?"

याचं उत्तर मला सापडलं नाही.

नोव्हेंबरचा महिना, ऊन नाही, कडाक्याची थंडीही नाही. सकाळी साडेनवाची वेळ. ताईनं घरून दोन तांबे पाणी पिऊन घेतलं होतं, रिक्षात बाटली मांडीवर. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, सिकलच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि कालचा रिपोर्ट. आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी कागद भरायला दिला, नाव, वय, बीपी, शुगर, औषधं. ताईनं पेन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या कागदावर सिकलचा रकाना नव्हता. खाली 'इतर' असं लिहून एक रिकामी ओळ होती. तिनं तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलं, एसएस, आणि दोनदा खाली रेघ मारली.

मॅडमनी कागद वाचला, उठल्या, भिंतीवरचा एसी बंद केला आणि म्हणाल्या, "पाणी प्यालात का?"

दाढ वीस मिनिटांत निघाली. मावशीनं शिट्ट्या थांबवून खिचडी पातळ केली. ताई सध्या गाल धरून बसली आहे आणि मोबाइलवर हाच भाग दीड स्पीडनं ऐकते आहे.